दोरावरची मुलगी

बीडच्या शहेंशाहवली दर्ग्याच्या उरुसाला तुम्ही गेला असाल. उरुसात, जत्रेत किंवा बाजारात डोंबाऱ्याचा खेळही पाहिला असेल. दोन्ही बाजूंना बांबूंची कैची उभी करून त्यांवर दोर ताणतात. बाप ढोलकी वाजवतो आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी आडवी, लांब काठी धरून दोरावरून चालते. त्या काठीमुळे शरीर एकदम कलत नाही. तोल सावरायला क्षणभर वेळ मिळतो. खाली जाळी नसते. लहानपणी मी अगदी पुढे उभा राहून टाळ्या वाजवत असे. थाळी पुढे आली, की मात्र हळूच मागे सरकत असे.

पुढे मी 'ला स्त्रादा' हा फेडेरिको फेलिनी यांचा १९५४ सालचा इटालियन चित्रपट पाहिला. या नावाचा अर्थ 'रस्ता'. झांपानो नावाचा दणकट माणूस गावोगाव फिरतो आणि छातीभोवतीची लोखंडी साखळी तोडून दाखवतो. मदतीसाठी तो एका गरीब आईला दहा हजार लिरा देऊन तिची मुलगी जेलसोमिना हिला घेऊन जातो. ती ढोल वाजवते, लोकांना हसवते. तो मात्र तिच्याशी कधी मायेने बोलत नाही. एके दिवशी तो तिला वाटेतच सोडून जातो. पुढे ती वारल्याचे त्याला कळते, तेव्हा तो समुद्रकिनाऱ्यावर एकटाच रडतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेजवळ डोंबाऱ्यांचे पाल पडले होते. त्यांतील एक मुलगी माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहू लागली. मी तिला आत बोलावले, तिचे नाव फळ्यावर लिहिले. तिने ते बोटाने पुन्हापुन्हा गिरवले. ती चार दिवस आली. 'उद्या तिच्या वडिलांना भेटू,' असे मी रोज म्हणत होतो. पाचव्या दिवशी गेलो, तर मैदानात फक्त चुलीचे तीन दगड होते.

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वर्ष अर्ध्यावर आले असले किंवा जन्माचा दाखला नसला, तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे मला ठाऊक होते. तरी मी उद्यावर ढकलले.

म्हणून तुम्हांला सांगतो, दोरावरची मुलगी दिसली तर टाळ्या वाजवा, थाळीत पैसे टाका. पण तिचे नावही विचारा. आणि त्याच दिवशी आपल्या गुरुजींना येऊन सांगा.