परतीचा सामना नसलेली फेरी

जेद्दाच्या विमानतळावरची माणसं एकतर मक्केची असतात, नाहीतर नोकरीची. २०२५ च्या एप्रिलअखेरीस तिथे उमरा आटोपून परतणाऱ्यांची झुंबड होती. झमझमच्या पाण्याचे डबे, वळकट्या, व्हीलचेअरवरच्या आज्या. भावोजींना रियाधच्या विमानात बसवून आम्ही बाहेर आलो, तर टॅक्सीच्या रांगेत आकाशी-काळ्या शर्टातली पाचसात जपानी माणसं एक भलामोठा ढोल मधे ठेवून उभी. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं.

"मावशी, हे कावासाकीवाले. हरायला आलेत."

भाची जेद्दात जन्मली, अल-सफा भागात वाढली आणि अल-अहलीची कट्टर निघाली. रमजान संपल्यावर मी ताईकडे राहायला गेले ती उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी. पण त्या आठवड्यात आशियातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, एएफसी चॅम्पियन्स लीग एलिट, आमच्या दारात येऊन ठेपली होती. उपांत्यपूर्व फेरीचे आठही संघ २५ एप्रिल ते ३ मे या काळात जेद्दातच खेळणार होते. सौदीचे तीन, जपानचे दोन, कोरिया, थायलंड आणि कतारचा प्रत्येकी एक.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल ही पेठांची भानगड आहे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमला पोलीस बंदोबस्त लागतो आणि घरातली जेवणाची वेळ बदलते. त्यामुळे जेद्दातलं अहली आणि इत्तिहादचं वैर मला समजावून सांगावं लागलं नाही. इत्तिहाद पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, १९२७ चा. अहली हिरवा, १९३७ चा. इत्तिहादने २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोनदा आशियाची स्पर्धा जिंकलेली. अहली १९८६ मध्ये अंतिम सामना हरला, २०१२ मध्ये कोरियात उल्सानकडून ३-० असा पुन्हा हरला, आणि २०२२ मध्ये तर चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला. भाचीच्या वर्गातली इत्तिहादवाली मुलं हे सगळे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवायची. त्या हंगामात इत्तिहाद या स्पर्धेत नव्हता, एवढंच काय ते तिचं समाधान.

पहिला सामना घरीच टीव्हीवर पाहिला. रियाधचा अल-हिलाल आणि कोरियाचा ग्वांगजू. हिलालने सात गोल ठोकले, ग्वांगजूने एकही नाही. पहिल्या तीन गोलांना टाळ्या वाजवणारी भाची नंतर गप्प झाली आणि सहाव्या गोलाला उठून पाणी प्यायला गेली.

मला ग्वांगजूचं वाईट वाटलं, आणि त्याला कारण होतं. आधीच्या फेरीत हा लहानसा क्लब जपानच्या व्हिसेल कोबेकडून २-० हरून घरी परतला होता. आठवड्याने आपल्या मैदानावर त्याने जादा वेळेत ३-० जिंकून कोबेला घरी पाठवलं. त्या फेरीपर्यंत प्रत्येक जोडीचे दोन सामने होते, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. खुद्द हिलाल उझबेकिस्तानात पाख्ताकोरकडून १-० हरला होता आणि रियाधला परतल्यावर ४-० जिंकला. कावासाकीही शांघायमध्ये शेनहुआकडून १-० हरून आला आणि घरी ४-० जिंकला. आदल्या वर्षीचा अंतिम सामनासुद्धा दोन टप्प्यांत झाला होता: अमिरातीचा अल-ऐन योकोहामात २-१ हरला आणि आपल्या गावी ५-१ जिंकून विजेता ठरला. म्हणजे परतीच्या सामन्यात कितीतरी निकाल उलटे झाले होते. उपांत्यपूर्व फेरीपासून मात्र परतीचा सामनाच काढून टाकला. एका रात्रीत काय तो निकाल, आणि तोही जेद्दात.

आता कोणी म्हणेल, कोल्हापुरातही एकाच सामन्यात फैसला होतो. होतो. पण आमच्या सगळ्या तालमी शाहू स्टेडियमला चालत येतात. इथे एकाने चालत यायचं आणि बाकीच्यांनी विमानाने.

२७ तारखेला ताई, भाची आणि मी प्रिन्स अब्दुल्ला अल-फैसल स्टेडियमवर गेलो. हे जुनं आणि लहान मैदान. त्या रात्री कावासाकी फ्रॉन्ताले आणि कतारचा अल-सद्द खेळत होते. जेद्दाच्या माणसाला दोघांशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. रिकाम्या स्टेडियमची एक गंमत असते, मैदानावरचं बोलणं ऐकू येतं. गोलरक्षक बचावपटूंवर ओरडत होता, प्रशिक्षक टाळी वाजवून कोणाला तरी पुढे हाकत होता, आणि कोपऱ्यात तो विमानतळावरचा ढोल एका लयीत चालू होता. २-२ झालं. जादा वेळेत कावासाकीच्या वाकिझाकाने तिसरा गोल केला. एप्रिलअखेरीचा दमट उकाडा आणि त्यात १२० मिनिटं. शिट्टी वाजली तेव्हा जिंकलेले खेळाडूच जास्त गळालेले दिसत होते. तीन दिवसांनी त्यांना पुन्हा उतरायचं होतं.

मधल्या एका सकाळी ताईने बलद दाखवलं. जेद्दाचं हे जुनं गाव २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. प्रवाळाच्या दगडांची चार-पाच मजली घरं आणि प्रत्येक मजल्याला पुढे आलेली लाकडी जाळीची खिडकी, तिला इथे रोशन म्हणतात. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आत काही दिसत नाही. नसीफ यांच्या प्रसिद्ध वाड्यापुढे एक जुनं झाड आहे. जवळ गेले तर चक्क कडुनिंब. पान चुरगळून वास घेतला आणि खात्री करून घेतली. एके काळी जेद्दात सांगण्यासारखं हे एवढंच झाड होतं म्हणे.

कोपऱ्यावर बलीला घेतला. उकडलेले छोले, वर जिरं, व्हिनेगरमधल्या काकडी-बीटच्या फोडी आणि तिखट पाणी. तिथेच दापोलीकडचे एक चाचा भेटले. आमचं मराठी ऐकून स्वतःहून बोलायला आले. ऐंशीच्या दशकात बंदरावर कामाला आले ते इथलेच झाले. मुंबईहून हाजींची जहाजं यायची तेव्हा गावाकडचं कोणी ना कोणी उतरायचंच, असं सांगत होते. ती जहाजं १९९५ ला बंद झाली. मी सामना बघायला जाणार म्हटल्यावर त्यांनी ताईकडे बघितलं.

"बायका जातात आता, माहीत आहे मला. आमची नातपण जाते. पण आमच्या वेळेला कोणी असं बोललं असतं तर त्याला खुळ्यात काढला असता."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सौदीत बायकांना क्लबांच्या सामन्याला पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो १२ जानेवारी २०१८ ला, याच जेद्दात, किंग अब्दुल्ला स्पोर्ट्स सिटीत, आणि तो सामना अहलीचाच होता. भाची तेव्हा चार वर्षांची. तिला यात नवल वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरं.

२९ तारखेला त्याच स्टेडियममध्ये अहली-हिलाल उपांत्य सामना. शहराच्या उत्तरेला, वाळवंटाला लागून उभी असलेली ही वास्तू साठ हजारांहून जास्त माणसं पोटात घेते. बाहेरची भिंत जाळीदार आहे. बलदमधल्या त्या खिडक्या पाहून आल्यावर ही नक्षी कुठून आली ते सांगायला नको. आम्हाला नेणारा टॅक्सीवाला मुलतानचा होता. पहलगामचा हल्ला होऊन आठवडा झाला होता. दोन्ही बाजूंनी त्याबद्दल एक अक्षर निघालं नाही. अहलीच्या फिरमिनोवर मात्र तो अर्धा तास बोलला.

आमच्या शेजारी काळ्या अबायावर हिरवा मफलर घेतलेली साठीची बाई बसली होती. हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. दातांत बी फोडायची, टरफल कागदी पेल्यात टाकायचं, नजर मैदानावरून हलू द्यायची नाही. नवव्या मिनिटाला फिरमिनोने गोल केला, सत्ताविसाव्याला टोनीने. बाईंचा वेग तोच. विश्रांतीच्या थोडं आधी हिलालच्या सालेम अल-दवसारीने एक गोल फेडला, तेव्हा त्यांनी पुडी मिटून पर्समध्ये ठेवली. तासाभराच्या खेळाच्या सुमारास हिलालचा कुलिबाली लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुडी परत बाहेर आली. शेवटी भरपाई वेळेत अल-ब्रिकानने तिसरा गोल केला आणि बाईंनी उरलेल्या सगळ्या बिया भाचीच्या ओंजळीत ओतल्या. चार दिवसांपूर्वी सात गोल करणारा हिलाल घरी गेला. त्यांचे पोर्तुगीज प्रशिक्षक जॉर्ज जेझुस यांनाही त्याच आठवड्यात निरोप मिळाला.

दुसरा उपांत्य सामना, कावासाकी आणि रोनाल्डोचा अल-नस्र, आम्ही शरफियात पाहिला. शरफिया म्हणजे जेद्दातलं मलप्पुरम. केरळी हॉटेलात फॅमिलीच्या बाजूला बसून पोरोट्टा आणि सुलेमानी चहा चालला होता, समोर पडदा, आणि सगळं हॉटेल रोनाल्डोच्या बाजूने. कावासाकीचा इतो दहाव्या मिनिटाला गोल करतो, नस्रचा माने फेडतो, ओझेकी पुन्हा आघाडी देतो, आणि चाळिशीला टेकलेला इएनागा तिसरा घालतो. शेवटी नस्रने एक फेडला. भरपाई वेळेत रोनाल्डोला संधी मिळाली तेव्हा वेटर हातातल्या ताटांसकट थांबला. चेंडू जाळ्यात गेला नाही. ३-२. गल्ल्यावरच्या माणसाने पडदाच बंद केला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर परत लावला, तर रोनाल्डो मैदानात एकटाच हातवारे करत स्वतःशी बोलत होता.

आपला मुंबई सिटी हा क्लबही मागे या स्पर्धेत होता. ६ नोव्हेंबर २०२३ ला हिलाल नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला आणि २-० जिंकून गेला. नेमार जखमी असल्याने आला नव्हता, तरी माणसं आली. मुंबईने त्या वर्षी गटातले सहाच्या सहा सामने गमावले. बाद फेरी भारतातल्या कोणत्याच क्लबने अजून पाहिलेली नाही, तेव्हा परतीच्या सामन्याबद्दल आपण कोणत्या तोंडाने तक्रार करायची, असं ताई म्हणते. प्रेक्षकाला तोंड असतंच की.

३ मेचा अंतिम सामना. सरकारी आकडा ५८,२८१ प्रेक्षकांचा. आमच्या जागेवरून बघितलं तर सगळीकडे हिरवं, आणि एका कोपऱ्यात आकाशी रंगाचा एक तुकडा. ढोल तिथेच असणार. ऐकू येणं शक्य नव्हतं. कावासाकीचा हा आठवड्यातला तिसरा सामना, त्यातला एक १२० मिनिटांचा. अहलीला त्यांच्यापेक्षा एक दिवस जास्त विश्रांती मिळाली होती आणि विमानात बसावंच लागलं नव्हतं.

पस्तिसाव्या मिनिटाला फिरमिनोने गालेनोला पास दिला. गालेनोने डीच्या कडेवरून चेंडू असा वळवला की गोलरक्षकाच्या बोटांना तो लागायचा प्रश्नच नव्हता. या गोलामागची गोष्ट मला भाचीने भर गोंगाटात कानात ओरडून सांगितली. सौदी लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली. जानेवारीत गालेनोला घ्यायचं म्हणून अहलीने फिरमिनोचं नाव लीगच्या यादीतून काढलं. आशियाई स्पर्धेत तशी मर्यादा नाही, म्हणून तो तिथे राहिला. म्हणजे ज्याच्यासाठी आपली जागा गेली, त्यालाच हा पास. सात मिनिटांनी फिरमिनोच्याच क्रॉसवर केसीने हेडर मारला. २-०. उत्तरार्धात कावासाकीचे पाय चालेनात आणि सामना तिथेच संपला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू फिरमिनो. अहलीला एक कोटी डॉलर आणि पहिलं आशियाई विजेतेपद.

परतताना कॉर्निशवर गाड्यांची रांग हलत नव्हती. पोरं खिडक्यांतून कमरेपर्यंत बाहेर, हॉर्न एका तालात. भाचीचा आवाज पूर्ण बसला होता. घरी पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते वर्गाच्या ग्रुपवर, इत्तिहादवाल्यांना उद्देशून, एक हिरवं हृदय टाकण्याचं. नुसतं एकच. मला तो संयम आवडला.

अहली सर्वांत चांगला खेळला यात वाद नाही. पूर्ण स्पर्धेत तो एकही सामना हरला नाही, आणि हिलाललाही त्याने याच मैदानावर बरोबरीच्या लढाईत पाडलं. सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने २०२३ मध्ये अहली, हिलाल, नस्र आणि इत्तिहाद या चारही क्लबांचा ७५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा पैसा होताच. पण पैसा नस्रकडेही होता आणि त्याला कावासाकीने हरवलं. एका सामन्याच्या फैसल्यात तेवढी एक गंमत आहे, ती मी नाकारत नाही. तरी माझं मत कायम आहे. अंतिम सामना वाटल्यास एका शहरात ठेवा आणि ते शहर दरवर्षी बदला. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी मात्र दोन घरांत खेळवा. सात गोल खाल्लेल्या ग्वांगजूला निदान आपल्या माणसांसमोर एक रात्र मिळायला हवी होती, मग तो तिथे पुन्हा हरला असता तरी चाललं असतं.