झोळींतील रात्र

इंग्रजींत जिला ‘हॅमक’ म्हणतात, ती झोळी झाडांस टांगून रानांत निजण्याचा छंद अनेकांस नवा वाटेल. वस्तुतः तो पुरातन आहे. इ. स. १४९२ मध्यें कोलंबसास बहामा बेटांवरील लोकांच्या घरीं अशाच सुती जाळीच्या शय्या आढळल्या. आपल्याकडे तर शेतांत राबणारी माउली तान्ह्यास लुगड्याच्या झोळींतच निजविते.

भुईवर निजून उठणें साठीनंतर कठीण. म्हणून आम्हीं हा छंद धरिला. ठाण्याजवळील येऊरच्या रानांत बिबट्यांचा वावर आहे आणि वनखात्याच्या अनुज्ञेवांचून तेथें रात्रीं राहतां येत नाहीं. यास्तव कल्याणनजीक मलंगगडाच्या पायथ्याशीं एका स्नेह्यांची आमराई आम्हीं पसंत केली.

पहिला धडा गणिताचा. दोरी क्षितिजाशीं ३० अंशांचा कोन करील, तर ६० किलो वजनाच्या मनुष्याचा प्रत्येक दोरीवर ६० किलोंचाच ताण पडतो. दोरी आवळून कोन १० अंशांवर आणला, कीं तोच ताण सुमारें १७३ किलो होतो! शिवाय सैल झोळींत किंचित् तिरपें निजल्यास पाठ सरळ राहते. दुसरा धडा थंडीचा: वारा खालून लागतो, सबब पाठीखालीं जाड कांबळें हवें. तिसरा वृक्षधर्माचा: बारीक दोरी सालींत रुतते, खोडास रुंद पट्टाच गुंडाळावा.

उतारवयांत घरच्या दोऱ्याही थोड्या सैल सोडाव्या, म्हणजे भार सर्वांसच हलका होतो, हें सुज्ञ वाचकांस सांगणें न लगे.