वायरीच्या पलीकडच्या टोकाला

ओळखीच्या एका ताई कोथरूडमध्ये घरीच गाणं शिकवतात. शिष्यांसाठी काही अभंग आणि नाट्यपदं नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायची, असं त्यांच्या मनात होतं. खोली त्यांची, सामान माझं: चार माईक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप. ताईंच्या आवाजासाठी कंडेन्सर माईक, तबल्याला डायनॅमिक, तानपुरा फोनवरच्या ॲपमधून. हार्मोनियमसाठी मित्राचा रिबन माईक मी मुद्दाम मागून आणला होता. पेटीच्या वरच्या सुरांतला कर्कशपणा रिबन फार सुंदर निवळवतो.

या चौघांपैकी फँटम पॉवर लागते ती एकट्या कंडेन्सरला. इंटरफेसवर मात्र ४८ व्होल्टची बटणं दोनच आहेत. एक पहिल्या-दुसऱ्या इनपुटसाठी, दुसरं तिसऱ्या-चौथ्यासाठी. म्हणजे कंडेन्सरच्या शेजारी जो बसेल, त्यालाही फँटम मिळणारच. अशा वेळी मी माईक उभे करण्याआधी कागदावर जोड्या लावतो. कंडेन्सरचा शेजारी म्हणून तबल्याचा डायनॅमिक निवडला. रिबन आणि फोन दुसऱ्या जोडीत, आणि त्या जोडीचं बटण बंद.

डायनॅमिकला फँटमने धोका का नाही, हे तबल्यावरच्या मुलाने विचारलं. मला तो प्रश्न आवडला. फँटमचे ४८ व्होल्ट एक्सएलआरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांवर सारखेच येतात, प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रोधातून. परतीची वाट एक नंबरच्या पिनेवरून. डायनॅमिकची कॉइल दोन आणि तीनच्या मध्ये असते. दोन्ही टोकांना दाब सारखाच, म्हणून कॉइलमधून विद्युतप्रवाह वाहतच नाही. १९६६ साली बर्लिनच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी ही पद्धत आणली. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, त्यावरून हा आकडा ठरला. आवाज नेणाऱ्या तारांतूनच वीज पोचवायची आणि आवाजाला तिचा पत्ताही लागू द्यायचा नाही, ही कल्पना मला आजही थक्क करते.

पण हे सगळं वायर धडधाकट असेल तरच. तीन नंबरची तार आतून एक नंबरला चिकटली, तर त्या बाजूने सुमारे सात मिलिअँपिअर सतत वाहू लागतात आणि कॉइलच्या दोन टोकांवरचा समतोल जातो. म्हणून निघण्याआधी प्रत्येक केबल मी मल्टिमीटरवर तपासतो. फँटम चालू करून इंटरफेसच्या बाजूनेही मोजतो: एक-दोनमध्ये ४८च्या आसपास, एक-तीनमध्ये तेवढेच, दोन-तीनमध्ये शून्य. रिबनच्या बाबतीत तर मी अजिबात तडजोड करत नाही. त्यातली ॲल्युमिनियमची पट्टी जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन जाडीची असते. चालू फँटमवर केबल खोचताना पिना क्षणभर मागे-पुढे टेकल्या, तर तेवढा झटका ट्रान्सफॉर्मरमधून पट्टीपर्यंत जाऊ शकतो, आणि ती ताणली की माईकचा आवाज गेला.

खरी कसोटी फोनची होती. मुलाने पिशवीतून एक वायर काढली. एका टोकाला हेडफोनची छोटी पिन, दुसऱ्याला एक्सएलआर. "दादा, हीच लावू का?" मी त्याला थांबवलं आणि आम्ही तिचं टोक उघडून पाहिलं. डावी बाजू दोनवर, उजवी तीनवर. फँटमच्या इनपुटला ही लागली, तर ४८ व्होल्ट थेट फोनच्या हेडफोन-सर्किटवर जातात, आणि ते काही एवढ्यासाठी बनवलेलं नसतं. शिवाय फँटम बंद असलं तरी बॅलन्स्ड इनपुट डाव्यातून उजवं वजा करतो. तानपुरा दोन्हीकडे सारखाच असला तर जवळजवळ नाहीसाच होतो. मी पॅसिव्ह डीआय बॉक्स आणला होता. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज जातो, एकदिश व्होल्टेज पलीकडे जात नाही. फोनची फक्त डावी बाजू त्यात घातली आणि डीआय चौथ्या इनपुटला जोडला.

मग नेहमीचा क्रम. सगळे गेन खाली, हेडफोन कानांवरून काढलेले, केबल आधी घट्ट बसवलेल्या, आणि शेवटी पहिल्या जोडीचं बटण. काही सेकंद थांबून गेन हळूहळू वर.

चहानंतर ताई म्हणाल्या, "एक पद स्वरमंडळावर घेऊ या का?" स्वरमंडळाच्या नाजूक तारांना दुसरा कंडेन्सर हवा, म्हणजे जागा पहिल्या जोडीतच. कागद पुन्हा पुढे घेतला. गेन उतरवले, फँटम बंद केलं आणि अर्धा मिनिट थांबलो, कारण दिवा विझला तरी प्रीअँपमधल्या कपॅसिटरमध्ये साठा उरतो. मग तबल्याचा डायनॅमिक चौथ्यात, स्वरमंडळ दुसऱ्यात. रिबन जागेवरून हलवलाच नाही.

तानपुऱ्याला आता इनपुट उरलं नव्हतं. फोन एका छोट्या स्पीकरला जोडून तो ताईंच्या मागे ठेवला. त्या कानाला काही न लावता गायल्या, आणि त्यांच्या माईकमध्ये आवाजाबरोबर तानपुराही हवा होता तेवढाच आला. पुढची सगळी पदं त्यांनी तशीच गायली.