टर्बोच्या वाटेवरचा तेलाचा डबा

अमेरिकेत पिकअप ट्रक चालवणाऱ्यांमध्ये ऑइल कॅच कॅन या, इंजिनाच्या वायूतलं तेल अडवणाऱ्या छोट्या डब्यावरून सरळ दोन तट आहेत. हा डबा नसेल तर टर्बो इंजिनाचं काही खरं नाही, असं एक तट म्हणतो. दुसऱ्याच्या मते तो बॉनेटखाली मिरवायचा ॲल्युमिनियमचा नग आहे. फोर्डच्या एफ-१५० ट्रकमध्ये, पहिल्या पिढीच्या साडेतीन लिटर इकोबूस्ट इंजिनावर मी हा डबा वापरतो आणि नेमाने रिकामा करतो. त्या वापरातून आणि इंजिनाची रचना समजून घेताना माझं मत घडलं आहे. डबा लावावा, पण तो लावण्यासाठी जे कारण सर्रास दिलं जातं ते कच्चं आहे. डब्यात किती द्रव साठला, हा डब्याच्या उपयोगाचा पुरावा होत नाही. खरा पुरावा इंजिनाच्या रचनेत आहे. तो नीट वाचला की डबा कुणी लावावा, कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये आणि लावल्यावर कोणती जबाबदारी अंगावर येते, या सगळ्याचा उलगडा होतो.

सुरुवात पिस्टनच्या रिंगांपासून करावी लागते. रिंग कितीही उत्तम असली तरी तिच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. सिलिंडरमध्ये इंधन पेटलं की त्या प्रचंड दाबाखालचा थोडा वायू या फटीतून आणि रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. महाराष्ट्रातले जुने मेकॅनिक चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून धूर किती मारतो ते पाहतात आणि रिंगा गेल्या की नाहीत ते सांगतात. ते नेमका हाच वायू पाहत असतात. फरक इतकाच की थोडा ब्लो-बाय अगदी नव्या इंजिनातही असतो. त्यात जळालेला वायू असतो, न जळालेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे लक्षात घेतलं तर ही वाफ किरकोळ नाही. खाली वेगाने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टमुळे उडालेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंबही त्यात मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही तर क्रँककेसमधला दाब वाढून सील फुटतात आणि पाणी व पेट्रोल मिसळून तेल खराब होतं.

एके काळी हा वायू एका नळीने गाडीखाली रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने त्या सोयीचा शेवट केला. वाहनांतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे धुरकं बनतं, असं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. हायड्रोकार्बनचा बराच वाटा एक्झॉस्टबरोबरच क्रँककेसमधूनही येतो हे पुढे कळलं. त्यामुळे १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. क्रँककेसमधला वायू आता पुन्हा इंजिनाच्या हवेत सोडून जाळला जाऊ लागला. हवेच्या दृष्टीने हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि आजही आहे. पण तेव्हापासून इंजिन स्वतःच्या तेलाची वाफ श्वासाबरोबर आत घेत आलं आहे. कॅच कॅनचा सगळा वाद या एका वस्तुस्थितीतून निघतो.

टर्बो आला की या व्यवस्थेत एक गुंता वाढतो. साध्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमागे कायम कमी-अधिक पोकळी असते आणि तीच क्रँककेसमधला वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून ओढून घेते. टर्बोने हवा दाबायला सुरुवात केली की मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो. तो दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून व्हॉल्व्ह बंद होतो. पण चढावर, ट्रेलर ओढताना, म्हणजे नेमका ब्लो-बाय सर्वाधिक असतो तेव्हा त्या वायूला जायला वाट हवीच. तो मग दुसऱ्या नळीने उलट दिशेने निघतो आणि टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये येऊन मिळतो. तिथून तो कॉम्प्रेसर, इंटरकूलर आणि थ्रॉटल असा सगळा प्रवास करतो. वाटेत तेलाचा पातळ थर इंटरकूलरच्या आतल्या भिंतींवर बसतो. म्हणजे तेलाच्या वाफेच्या वाटा दोन आहेत, एक हलक्या चालीतली आणि एक भाराखालची. एकाच नळीवर डबा बसवून निश्चिंत होणाऱ्याने निम्म्याच वाटेवर पहारा बसवलेला असतो.

तरीही एवढ्याने डबा गरजेचा ठरत नाही. जुन्या टर्बो इंजिनांतही तेलाची वाफ आत जात होती आणि ती इंजिनं लाखो मैल चालली. फरक पडला तो इंधन सोडण्याच्या पद्धतीत. पूर्वी इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारत, आणि पेट्रोलमधली डिटर्जंट द्रव्यं व्हॉल्व्हची पाठ सतत धूत राहत. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, फार मोठ्या दाबाने सोडलं जातं. त्याने आतली हवा थंड होते, नॉकिंग टळतं आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढता येते. २०११ च्या एफ-१५० मध्ये आलेलं साडेतीन लिटरचं व्ही-६ इकोबूस्ट ३६५ हॉर्सपॉवर देत होतं आणि योग्य जोडणी असलेला ट्रक ११,३०० पौंड, म्हणजे पाच टनांहून थोडा जास्त भार ओढू शकत होता. हे काम पूर्वी व्ही-८ इंजिनाचं मानलं जाई. या लाभाची किंमत अशी की इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा स्पर्शच उरला नाही. तिथे येणारं तेल तापलेल्या धातूवर भाजतं, घट्ट कार्बन होऊन बसतं आणि ते धुणारं काही नसतं. थर वाढला की हवेचा मार्ग अरुंद होतो. मग अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून तो खरवडण्याचं खर्चिक काम करावं लागतं.

या दुबळ्या जागेची दखल खुद्द उत्पादकांच्या रचनेतही दिसते. टोयोटाने २००५ च्या सुमारास लेक्ससच्या व्ही-६ इंजिनात सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हमागे अशा दोन्ही ठिकाणी इंजेक्टर दिले. फोर्डनेही २०१७ च्या दुसऱ्या पिढीच्या साडेतीन लिटर इकोबूस्टमध्ये आणि २०१८ पासून २.७ लिटरच्या इंजिनात थेट आणि व्हॉल्व्हमागच्या अशा दोन्ही फवारण्या आणल्या. त्यामागे धूलिकणांचं उत्सर्जन आणि इंधनाची बचत ही कारणंही आहेत, हे मान्यच करायला हवं. पण परिणाम असा की व्हॉल्व्ह पुन्हा धुतले जाऊ लागले. म्हणून माझा युक्तिवाद सगळ्या टर्बो ट्रकांसाठी नाही. तो फक्त थेट फवारणी असलेल्या, टर्बोवर चालणाऱ्या आणि भार ओढणाऱ्या इंजिनासाठी आहे. दोन्ही फवारण्या असलेल्या नव्या ट्रकला हा डबा अनाठायी खर्च ठरण्याची शक्यता जास्त आहे.

आता डब्यातल्या द्रवाकडे वळतो, कारण संशयी मंडळींचा सगळ्यात सबळ आक्षेप तिथेच आहे. ते म्हणतात, डब्यात साठलेलं दाखवून घाबरवू नका, त्यातलं बरंचसं पाणी आणि पेट्रोल असतं आणि ते आत गेलं असतं तर निमूट जळून गेलं असतं. हे बरोबर आहे. थंडीत, छोट्या फेऱ्यांच्या दिवसांत माझ्या डब्यातून निघतो तो दुधाळ, पिवळट, पेट्रोलचा उग्र वास मारणारा द्रव. तो तेलापेक्षा पाण्याचंच मिश्रण जास्त असतो. उन्हाळ्यात आणि भार ओढल्यानंतर निघणारा द्रव मात्र काळपट, दाट आणि स्पष्टपणे तेलकट असतो. हिवाळ्यात डबा लवकर भरतो म्हणून तेव्हा तो जास्त उपयोगी पडतो, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पण उन्हाळ्याच्या द्रवातून एवढं निश्चित कळतं की व्हॉल्व्ह कव्हरमधले कारखान्याचे आडपडदे भाराखाली सगळं तेल अडवू शकत नाहीत. आक्षेपाने पुराव्याचं वजन कमी होतं, पण पुरावा नाहीसा होत नाही.

दुसरा आक्षेप असा की व्हॉल्व्हवरचा थर एकट्या क्रँककेसच्या वायूमुळे होत नाही. हेही खरं आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलमधून थोडं तेल झिरपतं, आणि इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे असताना जळालेला वायू मागे येऊन काजळी सोडतो. त्यावर डब्याचा काही इलाज नाही. म्हणून डबा लावला की व्हॉल्व्ह आयुष्यभर स्वच्छ राहतील असं जो सांगतो तो दिशाभूल करतो. बसलेला थर काढायची ताकदही डब्यात नाही. तो फक्त अनेक कारणांपैकी एक, तेही भार ओढणाऱ्या इंजिनात वाढतं कारण, कमी करतो. बाकीचं काम चांगल्या तेलाचं आहे. नोआक चाचणीत तेल २५० अंश सेल्सियसला तासभर तापवून किती उडून जातं ते मोजतात. अमेरिकी बाजारातल्या सर्वसाधारण प्रमाणपत्राच्या तेलाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्याहून बरंच कमी उडणारं तेल मिळतं आणि ते घेणं शहाणपणाचं आहे. कमी वेगात जास्त भार पडल्यावर टर्बो इंजिनात ठिणगीआधीच पेट घेण्याचा जो धोका असतो, त्यात तेलाच्या थेंबांचा हात असल्याचं मानलं जातं. तो धोका लक्षात घेऊन अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) तेलासाठी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला. तेल निवडणं आणि ते वेळेवर बदलणं ही पहिली पायरी आहे. डबा ही दुसरी.

‘गरज असती तर कंपनीनेच बसवला नसता का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. लाखो गाड्या विकणारी कंपनी असा भाग देऊ शकत नाही जो विसरभोळ्या मालकाच्या हातात इंजिनाला अपाय करेल, हे त्याचं उत्तर. डबा भरून वाहिला तर साठलेला द्रव एकदम आत ओढला जातो. त्याहून गंभीर धोका गोठण्याचा. मिनेसोटा किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात डब्यातलं पाणी गोठून वाट बंद झाली तर क्रँककेसमधला दाब वाढतो आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल बाहेर येऊ शकतं. ज्या दुखण्यावर उपाय म्हणून डबा लावला त्यापेक्षा हे दुखणं महाग आहे. तेव्हा कंपनीचा निर्णय सर्वसाधारण ग्राहकासाठी योग्यच आहे. पण त्यातून काळजी घेणाऱ्या मालकासाठी डबा निरुपयोगी ठरत नाही. कडक थंडीत तो वारंवार रिकामा करायचा किंवा त्या महिन्यांत काढून मूळ नळी जोडायची, एवढी तयारी असणाऱ्यानेच तो घ्यावा.

डबा कोणता, हाही प्रश्न दुय्यम नाही. आतून रिकामा, दोन नळ्यांचा स्वस्त डबा जवळजवळ काहीच अडवत नाही, कारण सूक्ष्म थेंब वायूबरोबर सरळ निघून जातात. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पडद्यांवर जसं तेल चिकटतं, तसं इथेही वायूचा वेग कमी करून त्याला वळणं घ्यायला लावणारे पडदे आणि बारीक जाळी आत हवी. नळ्या तेलाला टिकणाऱ्या रबराच्या हव्यात, नाहीतर त्या मऊ पडून पोकळीने चिकटतात आणि वाट बंद होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायूची वाट बंदिस्त राहायला हवी. डब्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणं म्हणजे १९६१ च्या आधीच्या काळात जाणं आहे, आणि अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार ते बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात तर बंदिस्त डब्यालाही हवा संसाधन मंडळाचा परवाना क्रमांक लागतो. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर खर्च मालकाच्याच माथी येतो, हेही न्याय्य आहे. निघालेला द्रव मातीत किंवा गटारात ओतायचा नाही, पेट्रोल मिसळलेल्या वापरलेल्या तेलासाठी असलेल्या संकलन केंद्रावरच द्यायचा.

महाराष्ट्रातल्या भाजीपाल्याच्या, दुधाच्या बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात, आणि तिथला हिशेब वेगळा आहे. डिझेल इंजिनात काजळीयुक्त एक्झॉस्ट वायू ईजीआर या व्यवस्थेतून पुन्हा आत येतो. तो तेलाच्या वाफेत मिसळला की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर साचतो. डबा त्यातलं तेल कमी करू शकतो, काजळी नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं घालतं. बीएस-६ इंजिनाच्या उत्सर्जन व्यवस्थेला हात लावण्याआधी त्याचा विचार व्हायलाच हवा. अमेरिकी पेट्रोल ट्रकसाठी केलेला युक्तिवाद जसाच्या तसा तिथे लावणं चूक ठरेल.

माझ्या दृष्टीने या सगळ्याचा निर्णय तीन प्रश्नांवर होतो. इंधन फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं का, ट्रक खरोखर भार ओढतो का, आणि डबा वेळच्या वेळी रिकामा करण्याची शिस्त आपल्यात आहे का. तिन्हींना होकार असेल तर पडदे-जाळी असलेला बंदिस्त डबा ही रास्त खबरदारी आहे, कारण तो नीट वापरला तर खर्च थोडा आहे, नको वाटला तर काढता येतो आणि तो ज्या थराला उशीर लावतो तो काढणं मात्र महाग आहे. एकही उत्तर नकारार्थी असेल तर तेच पैसे चांगल्या तेलावर घालावेत. इंजिनाला त्याचा जास्त उपयोग होईल.