तरोटा, अंबाडी आणि आईचे गुडघे

नागपूरच्या आमच्या वस्तीत सध्या घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. गुडघे दुखतात, बोटांची पेरे सुजतात, सकाळी उठल्यावर अंग लवकर मोकळे होत नाही. ज्या बायांनी उभे आयुष्य बिड्या वळल्या, विटा वाहिल्या, दुसऱ्याच्या घरची फरशी पुसली, त्यांचे सांधे दुखले तर नवल नाही. पण आता चाळिशीतल्या माणसांनाही साखर निघते, याचा विचार करायला हवा. आमच्या घरी आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि आई अशी पाच माणसे. आईने तीस वर्षे बिड्या वळल्या, मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन. तिच्या गुडघ्यांपायी गेल्या चार वर्षांत आमच्या चुलीवर जे शिजते ते बरेच बदलले. त्याविषयी येथे लिहीत आहोत.

डॉक्टरांनी आईला गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट नीट समजावून सांगितली. जखम झाली की तेथे लाली येते, सूज येते. ती सूज जखम बरी करण्यासाठीच असते. परंतु वाढलेले वजन, साखर, तंबाखू, अपुरी झोप यांमुळे शरीरात एक मंद दाह सतत चालू राहतो, राखेखाली विस्तव असावा तसा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण रक्तवाहिन्यांना आणि सांध्यांना त्रास देतो. मैदा, साखर, तळण कमी करा. पालेभाजी, डाळी, कोंड्यासकट धान्य, तीळ, जवस, शेंगदाणे वाढवा. वजन उतरले तर गुडघ्यावरचा भार आपोआप कमी होईल. ही यादी ऐकून आई हसली. म्हणाली, "हे तं आपलं गरिबीचंच जेवण हाय न बाप्पा!"

खरी अडचण येथेच आहे. हे जेवण आपल्याला ठाऊक नाही असे नाही. ते आपल्याला नकोसे झालेले आहे. दुसऱ्याच्या बांधावरून खुडून आणलेली भाजी, मालकाने मजुरीपोटी दिलेली हलकी ज्वारी, १९७२ च्या दुष्काळात मिळालेली परदेशी लाल मिलो आणि सुकडी, या सगळ्यांची चव आमच्या वडीलधाऱ्यांच्या जिभेवर अजून आहे. आमचे एक मामा मिलमध्ये होते. ते जेवायला आले आणि ताटात तरोटा पाहून रागावले. "मुलांना शिकवलं, नोकरीला लावलं, ते काय पुन्हा तरोटा खायला?" त्यांचा राग आम्हाला समजतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा असे सांगितले, तेव्हा प्रश्न अन्नाबरोबर स्वाभिमानाचाही होता. मामांना आम्ही एवढेच म्हणालो की ही भाजी कोणी टाकलेली नाही आणि कोणी दिलेलीही नाही, आम्ही बाजारातून निवडून आणली आहे. त्यांनी भाकर खाल्ली, पण भाजीला हात लावला नाही. पुढच्या वेळी थोडी घेतली.

आणखी एक गैरसमज दूर केलेला बरा. आम्ही कोणाच्या सोवळ्यासाठी पाला खात नाही. घरी सुकट होते, पाहुणे आले की मटण होते, आणि त्याबद्दल आम्हाला कोणाला उत्तर देण्याचे कारण नाही. आपल्या समाजाच्या स्वयंपाकाची नोंद कोणी करीत नाही, म्हणून शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे २०१५ चे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावे. पण आठवड्यातले पाच-सहा दिवस आमचे ताट वनस्पतीचे असते, आणि ते ऋतू पाहून ठरते.

पावसाळ्यापासून सुरुवात करू, कारण खरी श्रीमंती तेव्हाच असते. पहिल्या दोन पावसांनंतर तरोटा उगवतो, ज्याला इतरत्र टाकळा म्हणतात. तो फुलावर येण्याआधीच घ्यायचा. आईचा नियम आहे, "कोवळा हाय तवाच खुडा लागते वं, मंग कडू होते." पाने उकळत्या पाण्यातून काढून पिळायची. भिजवलेली चण्याची डाळ, भरपूर लसूण, कांदा, हिरवी मिरची, आणि पाच माणसांच्या भाजीला दोन चमचे तेल, एवढ्यात ती उत्तम होते. त्यानंतर कुर्डू, केना, तांदुळजा येतात. घोळ तर ओल असेल तेथे उगवते. पालेभाज्यांत क्वचित आढळणारे ओमेगा-३ तिच्यात असते. मग श्रावण-भाद्रपदात अंबाडी. अंबाडी उकडून, पाणी पिळून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवावी, वर लसणाची फोडणी द्यावी. तिची आंबट चव आम्हा सर्वांना आवडते. आंबट पदार्थ, लिंबू, कैरी जेवणात असले की ज्वारी-डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर मात्र उलट होते. ही सवय आमच्याकडे सर्वांत कठीण गेली.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन संपले की बाया थोडा वेळ बसतात. तेथे दुखणी निघतात तशा भाज्याही निघतात. कोणी पाथरीचे सांगते, कोणी शेवग्याच्या पाल्याचे. आमच्या बऱ्याच कृती तेथूनच आल्या.

पण एक सावधगिरी बाळगावी. पूर्वी कपाशीच्या शेतातून ओटीभर भाजी आणत. आता तेथे तणनाशक मारतात, त्यामुळे एक तर भाजी उगवतच नाही आणि उगवली तर खाण्याजोगी नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, हे आपण विसरलेलो नाही. नाल्याच्या काठची आणि हमरस्त्याच्या कडेची भाजीही घेऊ नये. तरोट्यासारखीच दिसणारी रानटी झाडे असतात आणि त्यांतल्या काहींच्या बिया विषारी असतात, म्हणून ओळखणारी म्हातारी बाई बरोबर नसेल तर खुडायला जाऊच नये. आम्ही आठवडी बाजारात खेड्यावरून येणाऱ्या बायांकडून घेतो आणि घासाघीस करीत नाही.

हिवाळ्यात स्वयंपाक सोपा जातो. करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला, पोपटाचे दाणे, तुरीच्या शेंगा, वांगी, सांभार, मुळा. पालक, तूरडाळ, चणाडाळ आणि शेंगदाणे घालून नागपुरी डाळभाजी केली की मुले तक्रार करीत नाहीत. जवस आमच्या विदर्भाचे. ते भाजून, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटावे. अख्खे जवस पोटातून तसेच निघून जाते, म्हणून कुटणे आवश्यक. कुटलेले फार दिवस ठेवले तर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच करावे. हळदीचे म्हणाल तर ती फोडणीत तेलाबरोबर घालतो आणि वर थोडी मिरी. हळदीच्या महागड्या गोळ्यांची जाहिरात दिसली तर ते पैसे आम्ही भाजीवर खर्च करतो.

आता पैशाचे बोलू. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगते. आमच्या पाच जणांचे २ किलो झाले. हे रोज जमत नाही. रेशनवर गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्यही आहे, पण आमच्या दुकानात ज्वारी क्वचितच दिसते. २०२३ हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, मोठ्या हॉटेलांत ज्वारीचे पदार्थ आले, आणि आम्हाला मात्र ज्वारी विकत घेऊनच खावी लागते. म्हणून एक वेळ भात किंवा पोळी, एक वेळ भाकर, असा हिशेब ठेवला आहे. भात असला की वरण जास्त आणि भात कमी. ज्वारीने साखर वाढतच नाही असे काही लोक सांगतात, ते खरे नाही. भाकरीही मोजूनच खावी.

उन्हाळ्यात भाज्या आटतात. चिवळीची भाजी मुगाच्या डाळीत, कैरीचे सार, रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे आंबील, मोड आलेली मटकी, यांवर आम्ही दोन-तीन महिने काढतो.

आईचे वजन दोन वर्षांत सात किलोने उतरले. विहाराच्या पायऱ्या ती आता कठड्याला धरून एकटी चढते. गुडघा पूर्ण बरा झालेला नाही आणि साखरेची गोळी सुटलेली नाही. कोणी ती सोडायला सांगितली तर ऐकू नये. मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी किती खावी हे डॉक्टरांनाच विचारावे. पाल्यात आणि डाळीत बी-१२ जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून अंडी, दूध, मासळी अजिबात न खाणाऱ्यांनी त्याची गोळी विचारून घ्यावी. धाकट्या मुलाला शाळेच्या डब्यात भाकर-भाजी नेण्याची अजून लाज वाटते. त्याला आम्ही पोळीत जवसाची चटणी गुंडाळून देतो. मित्र अर्धी खाऊन टाकतात, अशी त्याची तक्रार आहे.

या हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला स्वस्त झाला की दोन-तीन किलो जास्तीचा घ्या. स्वच्छ धुऊन, निथळून, सावलीत पातळ पसरून चार-पाच दिवस कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि कोरड्या डब्यात भरा. चैत्र-वैशाखात मूठभर पाला चुरून, लसणाच्या फोडणीत थोडे ज्वारीचे पीठ लावून शिजवला की पाच माणसांची भाजी होते.