लाईट गेली आणि पाणी आलं

गॅसवर गव्हाचा चीक रटरटत होता आणि नेमका तेव्हाच पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, शाळेत निबंध लिहायचाय, 'माझ्या स्वप्नातले गाव'. तुझ्या स्वप्नातलं गाव कसं आहे, सांग ना!"

ज्यांनी घरी कुरडया केल्या आहेत त्यांना सांगायला नको, की चीक शिजताना हात थांबला म्हणजे गुठळ्या झाल्याच. म्हटलं, "रात्री सांगते गं. आत्ता माझं सगळं गाव या पातेल्यात आहे."

बोलून गेले खरी, पण दिवसभर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. लग्न होऊन अकोल्यात आले त्याला ४२ वर्षं झाली. भाजी कोणती करायची हे मला रोज विचारतात; गाव कसं हवं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी कुरडया गच्चीवर वाळत टाकल्या, हिशेबाची वही काढली आणि मागच्या पानावर लिहायला बसले. पहिलं आलं ते सावलीचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुलिंब हवेत. दुसरं, बाजारात आणि बसस्थानकावर बायकांसाठी स्वच्छ सोय हवी. घरून निघताना घोटभर पाणी प्यावं की नाही, असा विचार करावा लागू नये. तिसरं, बायकांना काही कारण नसताना बसता येईल अशी जागा. पुरुषांना पार आहे, पानठेला आहे. आपण देवळात बसलो तरी हातात वाती लागतात! चौथं, रात्री नऊला शिकवणीहून येणाऱ्या पोरीला घ्यायला भावानं जायची गरज पडू नये. आणि पाचवं, पाणी. रोज, ठरल्या वेळी, सगळ्यांना.

पाचवं लिहिलं आणि पेन थांबलं. का थांबलं, ते पुढे सांगते.

या विषयावर मी काही पहिली लिहिणारी नव्हे. सूनबाईनं मागच्या दिवाळीत मला एक छोटंसं पुस्तक दिलं होतं. बंगालमधल्या रुकैया सखावत हुसेन या बाईंनी १९०५ साली लिहिलेली कथा आहे ती, 'सुलतानाचं स्वप्न'. पडद्यात वाढलेल्या या बाई घरीच, भावाच्या मदतीनं चोरून इंग्रजी शिकल्या. नवरा भागलपूरला सरकारी अधिकारी. तो फिरतीवर असताना वेळ जाईना म्हणून त्यांनी ही कथा लिहिली. त्यात एक देश आहे, तिथला सगळा कारभार बायका बघतात आणि पुरुष घरात पडद्यात! मी तर हसून हसून बेजार झाले. पण खरं मन अडकलं ते पुढच्या तपशिलात. तिथं स्वयंपाकघरात धूर नाही, उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. डास नाहीत. आणि बायकांच्या विद्यापीठानं एक मोठा फुगा आकाशात सोडलाय, त्याला नळ्या जोडल्यात. पाणी सरळ ढगांमधून खाली येतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईनं स्वप्नात काय मागितलं? धुराशिवाय चूल आणि हवं तेव्हा पाणी. दागिने नाही मागितले!

आपल्या वऱ्हाडातही अशी स्वप्नं पाहणारे होऊन गेले. माझ्या सासूबाई संध्याकाळी दिवा लावला की 'ग्रामगीता' वाचायच्या. तुकडोजी महाराजांचा हा ग्रंथ ४१ अध्यायांचा आहे, आणि त्यात गाव कसं असावं हेच सांगितलंय. सफाई, आरोग्य, श्रम, शिक्षण, सगळं त्यात येतं. 'महिलोन्नती' असा एक वेगळा अध्यायही आहे. महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, आणि मोझरीचा त्यांचा गुरुकुंज आश्रमही त्याच जिल्ह्यात. गाडगेबाबाही तिकडचेच, शेंडगावचे. ते तर गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी! सासूबाई म्हणायच्या, "या दोघांनीबी चांगलं गाव दुसरीकडं आहे, तिकडं चला, असं कधी म्हटलं नाही. हेच गाव झाडा म्हणले."

आता माझी गोष्ट. ती सांगताना अजूनही कानकोंडं होतं, पण नातीपासून लपवली तर निबंध खोटा होईल.

माझं माहेर दर्यापूरकडचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारं की त्यात तुरीची डाळ शिजत नसे. आई डाळीपुरतं गोडं पाणी वेगळ्या गुंडात झाकून ठेवायची, आणि त्याला आम्ही पोरींनी हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे पाण्याची किंमत मला कुणी शिकवायला नको होती. तरीही मी जे केलं ते केलंच.

२०१८ सालची गोष्ट. जानेवारीत अकोल्यात मोर्णा नदी साफ करायची मोठी मोहीम निघाली होती. हजारो लोक काठावर जमले, नदीतली जलपर्णी ओढून काढली. आमच्या महिला मंडळाच्या बायकाही पदर खोचून गेल्या, मीही गेले. फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये मोर्णेचा उल्लेख झाला तेव्हा तर ऊर भरून आला होता.

आणि घरी? घरी नळाच्या खड्ड्यात, लाकडी फळीखाली, माझा टिल्लू पंप होता.

त्या वर्षी पाण्याची फार ओढ होती. आमचं पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि धरण आटलं की नळाचे दिवस लांबत जातात. उन्हाळ्यात तर घरातला कूलरच दोन माणसांचं पाणी पितो. आमच्या गल्लीत ११ घरं. आधी एकानं लाइनीला मोटार लावली, मग त्याच्या शेजाऱ्याचं पाणी कमी झालं म्हणून त्यानं लावली, मग आम्ही. तेव्हा मनात अपराधी वगैरे काही वाटलं नाही. सगळेच लावतात, असं म्हटलं की झालं.

गल्लीच्या शेवटच्या घरात शिलाईकाम करणारी एक बाई राहते. दोन लेकरं, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. पंप घ्यायला पैसे नाहीत, आणि नळ आला की मशीन सोडून ती तासभर खड्ड्यात वाकून बसायची. एकदा गुंड घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "काकू, तुमच्या इकडं पाणी लय चांगलं येते वो. आमचा नळ तं नुसता सूं सूं करते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच माझ्या नशिबाचं कौतुक करत होती! मी तिला गुंडभर पाणी दिलं, वर गोडलिंबाच्या दोन डहाळ्या दिल्या आणि दान केल्यासारखी घरात आले. तिचंच पाणी तिला दिलं, हे तेव्हा कळलं नाही.

कळलं ते मे महिन्यात. पहाटे साडेपाचला नळ आला, सगळ्यांच्या मोटारी घरघरू लागल्या आणि दहाच मिनिटांत लाईट गेली. गल्लीतून एकदम कावकाव उठली. "गेली वाटते लाईट!" "आता काय खरं नाही बाप्पा!" मी कपाळाला हात लावून खड्ड्याशी बसले. आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून लेकरांचा आवाज आला, "आई, आलं! आलं वं, पाणी आलं!"

मी उठून पाहायला गेले. तिच्या नळाला करंगळीएवढी धार लागली होती. धाकटा पोरगा धारेखाली डोकं धरून बसला होता आणि ती त्याला रागवत, हसत, हाताला येईल ते भांडं भरत होती. गुंड, बादल्या, कुकर, डबे, पोह्यांचं पातेलंसुद्धा. माझ्याही नळाला धार होती, बारीक पण होती. सगळ्यांच्याच नळाला होती. पाऊण तासानं लाईट आली, मोटारी सुरू झाल्या, आणि तिचा नळ पुन्हा सूं सूं करू लागला.

दुसऱ्या दिवशी नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, पंपानं पाणी वाढत नाही, पुढच्याचं ओढल्या जाते. अन् लाइन फुटकी असली तं नालीचं पाणीबी आत ओढते." म्हणजे इतके दिवस मी पाणी गाळून, उकळून प्यायचा उपदेश सगळ्यांना करत होते, आणि घाण आत ओढणारा पंप माझ्याच खड्ड्यात होता!

पंप काढायचा म्हटल्यावर हे म्हणाले, "आपण एकट्यानं काढून काय होणार? बाकीचे काढून राहिले का?" त्यांचं खोटं नव्हतं. एकट्यानं काढला तर आमचाही नळ सूं सूं करणार. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता आणि दुपारी आमच्याकडे पोथीला बायका जमायच्या. एके दिवशी पोथी मिटल्यावर मी विषय काढला. आधी माझा पंप सांगितला, मग लाईट गेली तेव्हाची गोष्ट. एक जण उठून गेली, "तुम्हाला आत्ता पुण्य सुचलं का?" असंही ऐकून घेतलं. पण शेवटी ठरलं, नळ आल्यावर पहिला अर्धा तास कुणी मोटार लावायची नाही. ७ घरं कबूल झाली, दोघी म्हणाल्या "पाहू", एकीनं अबोला धरला. मी माझा पंप काढून भंगारवाल्याला दिला. ठेवला असता तर हात गेला असता.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन घरांनी गुपचूप मोटार सुरू केली, पुन्हा बोलणं झालं, पुन्हा बंद झाली. मोर्णेचंही तसंच, एकदा काढली म्हणून जलपर्णी कायमची जात नाही. पण शेवटच्या घरात आता अर्धा तास तरी धार असते, आणि ती नळाच्या दिवशीही शिवायला बसू शकते. मीही थोडं शिकले. तांदूळ धुतलेलं पाणी गोडलिंबाला, भाज्या धुतलेलं पाणी जास्वंदीला, आणि शिळं पाणी ओतून न देता कूलरला.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या अकोल्यात कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन लोक रात्रभर चालतात आणि राजराजेश्वराला अभिषेक करतात. १९४४ साली पावसानं ओढ दिली तेव्हा ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. मी दरवर्षी रस्त्यावर उभी राहून हात जोडते. देवासाठी इतक्या लांबून पाणी वाहून आणणारं हे गाव. त्याला गल्लीतल्या अकराव्या घरापर्यंत पाणी जाऊ देणं जड का जावं, हा विचार हल्ली दर वेळी मनात येतो.

रात्री नातीला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आजी, पण हे तर खरं गाव झालं. स्वप्नातलं कुठंय?" मागून मुलाचा आवाज आला, "आई, मी तर म्हणतो घर विकून इकडेच या. इथं नळाची वाट पाहावी लागत नाही." त्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, ते मला सूनबाईनं सांगितलेलं आहे! म्हटलं, "येईन रे चार महिने. घराचं मात्र राहू दे."

नातीला म्हटलं, "निबंधात असं लिही. माझ्या आजीच्या गावात एकदा लाईट गेली होती, तेव्हा शेवटच्या घरी पाणी पोहोचलं. लाईट असतानाही ते पोहोचावं, एवढंच तिचं स्वप्न आहे."

बाकीची चार कलमं वहीत आहेतच. आता उठते, उद्या पहाटे नळ यायचा आहे, खड्डा झाडून ठेवायला हवा.