डाख आतपर्यंत पोहोचला का?

आमच्या अब्बांचे कोल्हापुरात उद्यमनगराजवळ गॅस वेल्डिंगचे दुकान होते. चाळीस वर्षे त्यांनी दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या सायकलींच्या तुटलेल्या फ्रेमी पितळेच्या कांडीने जोडल्या. सोबत लागायचा तो फक्त टाकणखार. अब्बा त्याला सुहागा म्हणत. आम्ही दोघे भाऊ शाळा सुटली की दुकानातच असायचो. पुढे दुकान आमच्याकडे आले, तोवर दुरुस्तीचे काम आटले होते. मग आम्ही गिऱ्हाईकाच्या मापाच्या नव्या फ्रेमी बनवायला लागलो. अब्बा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि फारसे बोलत नसत.

तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका शिक्षिकाबाईंची ऑर्डर आली. त्यांची शाळा समुद्राला लागून. आधीच्या दोन्ही सायकली मागच्या चाकापाशी गंजल्या होत्या. चाकाचा आस ज्या खाचेच्या पट्टीत बसतो तिला आम्ही ड्रॉपआउट म्हणतो. चाक काढले-घातले की नटाखालचा रंग खरवडतो, लोखंड उघडे पडते आणि खारी हवा तिथूनच आत शिरते. म्हणून फ्रेम नेहमीच्या पोलादी नळ्यांची, पण मागचे दोन्ही ड्रॉपआउट स्टेनलेसचे करायचे ठरले. ड्रॉपआउटचा खुंट नळीत घालायचा आणि तो सांधा झाळायचा, एवढेच काम.

आम्ही आधी अब्बांच्या पद्धतीने पितळ लावून पाहिले. पितळ वितळायला सुमारे 900 अंश उष्णता लागते. तेवढ्यात स्टेनलेस काळे पडले आणि पितळ कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन बसले. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. हवा लागली की तो क्षणात तयार होतो. गंज लागू देत नाही तो हाच थर, आणि डाखाला धरू देत नाही तोही हाच. साध्या सुहाग्याला तो दाद देत नाही.

मग आम्ही 56 टक्के चांदीची कांडी आणली. ती 650 अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. सोबत चांदीच्या डाखाचा पांढरा फ्लक्स घेतला. या वेळी डाख छान वाहिला. सांध्याच्या तोंडाशी बांगडीसारखी चकचकीत कड आली. आम्ही खूश झालो. फ्रेम रंगवली, सायकल बांधली, बाईंना दिली. पैसे आले ते घराच्या छपराला लागले.

दोन महिन्यांनी तशीच दुसरी ऑर्डर आली. हात बसावा म्हणून आम्ही एका तुकड्यावर सराव केला. सांधा दिसायला उत्तम झाला होता. अब्बा खुर्चीवरून म्हणाले, "करवतीने उभा चिरून बघा." आम्ही चिरला. चांदी फक्त तोंडाशीच होती. आत खुंट कोरडा, काळपट पडलेला.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बाईंच्या फ्रेमलाही हीच कांडी, हाच फ्लक्स आणि हाच हात लागला होता. त्या दिवशी टॉर्च आमच्यापैकी कोणाच्या हातात होती, हे आम्ही आजवर घरातही सांगितलेले नाही.

रात्री जेवणानंतर आम्ही बराच वेळ हिशेब करत बसलो. बाईंची काही तक्रार नाही. सरावाचा तुकडा बिघडला म्हणजे ती फ्रेमही बिघडली असेल असे नाही. कडेला धरलेली चांदी कदाचित दहा वर्षेही टिकेल. परत बोलावले तर खर्च आपला आणि नावही खराब. गप्प बसायला एवढी कारणे पुरेशी वाटत होती. अब्बा ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, "त्या पोरीच्या शाळेच्या वाटेवर उतार आहे का?"

उतार होता. बाईंनीच माप द्यायला आल्या तेव्हा सांगितले होते, येताना ब्रेक नीट लागले पाहिजेत म्हणून.

"मग सकाळी फोन करा," अब्बा म्हणाले आणि उठून झोपायला गेले.

फोनवर बाई एवढेच म्हणाल्या, "मोडलेली तर नाही. मग नेताय कशाला?" आम्ही खरे ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. आम्ही टेम्पो घेऊन गेलो, आमची एक सायकल त्यांच्याकडे ठेवली आणि त्यांची घेऊन आंबा घाटाने परत आलो.

दोन्ही सांधे चिरले. डावा आतपर्यंत भरलेला निघाला. उजव्यात एक तृतीयांश जागा कोरडी होती. तो सांधा कधी सुटला असता किंवा सुटलाच नसता, हे कोणीच सांगू शकत नाही. मागचा सगळा त्रिकोण आम्ही नवा केला.

चूक कुठे झाली ते हळूहळू समजले. स्टेनलेसमधून उष्णता साध्या पोलादाच्या मानाने फार सावकाश पसरते. ज्योत एकाच जागी धरली तर तिथे लाल होते आणि शेजारी थंडच राहते. त्या लाल जागेवर डाख पोहोचण्याआधीच फ्लक्स जळून संपतो, थर पुन्हा तयार होतो आणि चांदी तिथेच अडते.

आता आम्ही खुंट नव्या पॉलिश पेपरने घासतो. लोखंडावर वापरलेला कागद घेत नाही, कारण त्याचे कण चिकटून तिथे गंज धरतो. मग ॲसिटोनने पुसतो आणि बोट लावत नाही. खुंट आणि नळी यांच्यात जेमतेम 0.1 मिलिमीटर फट ठेवतो. वातीत तेल चढते तसा डाख त्या फटीत ओढला जातो. जास्त उष्णता सोसणारा काळा फ्लक्स दोन्ही भागांना लावतो. ज्योत फिरती ठेवून आधी जाड ड्रॉपआउट तापवतो, मग नळी. डाख एका बाजूने देतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर दिसेपर्यंत ज्योतीने ओढत नेतो. खाऱ्या हवेतल्या सायकलीसाठी निकेल मिसळलेली चांदीची कांडी घेतो. शेवटी उरलेला फ्लक्स गरम पाण्यात भिजवून धुतो, नाहीतर तोच धातू खातो. खिडकी उघडी असते, पंखा चालू असतो. कॅडमियम असलेल्या जुन्या कांड्या स्वस्त मिळाल्या तरी घेत नाही. त्यांचा धूर विषारी असतो.

आणि स्टेनलेसच्या प्रत्येक ऑर्डरआधी एक सांधा फक्त चिरण्यासाठी बनवतो. त्याची चांदी वाया जाते. ती किंमत बिलात लावतो. एखादे गिऱ्हाईक विचारते, "हे कशाचे?" मग आम्ही अब्बांच्या खुर्चीमागचा डबा उघडून बाईंच्या उजव्या सांध्याचे दोन अर्धे तुकडे त्याच्या हातात देतो.